सहावं मूल

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
२१ जुलै २०२५

बाबा,
जयभीम.

तुमचा पैठणचा पत्ता राजेंद्र मामानं दिला. बारा वर्षांनी लिहिते आहे, पण खुशाली विचारायला नाही. काम आहे.

गावातल्या बुद्धविहारात तुम्ही रंगवलेल्या भिंतीत विहार समितीला बदल करायचा आहे. सगळी भिंत नाही. डावीकडे खाली जी रिकामी जागा आहे, तिथे एक मूल काढायचं ठरतं आहे. अध्यक्ष अजून अप्पाराव काकाच आहेत. ते म्हणतात, चित्र पुंडलिकचं आहे, त्याची हरकत असेल तर हात लावणार नाही. पण हरकत लेखी हवी आणि पंधरा सप्टेंबरच्या आत हवी. आईला ती जागा भरलेली नको आहे. पण चित्र आईनं काढलेलं नाही, म्हणून तिचं धरत नाहीत. तेव्हा 'नको' किंवा 'चालेल' एवढं एका कार्डावर लिहून पाठवा.

निर्णय तुमचा. भिंतीबद्दल मला जे माहीत आहे ते सांगते.

मी डोळे तपासण्याचं शिक्षण घेतलं. आता जालना रोडवरच्या एका कंपनीत नजर मोजायचं काम करते. एक चष्मा असतो. त्यातले दोन छोटे कॅमेरे बुबुळांकडे बघतात, तिसरा समोर. माणूस कुठे बघतो, किती वेळ, कशानंतर काय, हे सेकंदाला साठ वेळा नोंदलं जातं. बिस्किटाच्या पुड्यावर नाव कुठे छापायचं हे त्यावरून ठरतं. बघणाऱ्याला वाटतं आपण आपल्या मनानं बघतो. प्रत्यक्षात रेघा, उजेड, चित्रातल्या माणसांच्या माना आणि मोकळ्या जागा त्याला हाताला धरून नेत असतात.

दहा तारखेला पावसाळ्यातला तीन महिन्यांचा वर्षावास सुरू झाला म्हणून आईनं बोलावलं. लासूर स्टेशनला उतरून गावात गेले. संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन होतं. चाळीसेक माणसं सतरंजीवर दाटीवाटीनं बसली होती. भिंतीसमोर डावीकडे मात्र अडीच फूट सतरंजी मोकळी होती. उशिरा आलेल्या बाया उंबऱ्याशी उभ्या राहिल्या, पुढे येऊन तिथे कुणी बसलं नाही. दुसऱ्या संध्याकाळीही तसंच. विहार रोज गोजरबाई झाडते, तिला मी कारण विचारलं.

"तिथं पोरगं बसतं ना," ती म्हणाली.

कुणाचं, असं विचारल्यावर ती झाडू धरून थांबली. "आता कुणाचं म्हणून सांगू? बसतं असं वाटतं, बाई. मी बी बाजूनंच झाडते." मग हसली. "तुझा चष्मा लई शिकलेला हाय म्हणं. त्यालाच इचार."

काल रविवारी चष्मा घेऊन गेले. भिंतीपासून आठ फुटांवर खडूची रेघ मारली, तेवीस माणसांना एकेक करून तीस सेकंद उभं केलं. नंतर एकच प्रश्न: चित्रात मुलं किती? बावीस जण म्हणाले, सहा. एका आजोबांनी पाच सांगितली, त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. चित्रात मुलं सहाच आहेत. उत्तर बरोबर आलं म्हणून मी सामान आवरायला घेतलं होतं. तेवढ्यात सहज एकीला म्हटलं, बोट लावून दाखव. तिनं पाच मुलांवर बोट ठेवलं आणि सहाव्या वेळी रिकाम्या जागेवर.

सगळ्यांना परत बोलावलं. बावीसही जणांनी तेच केलं. बोट टेकल्यावर काही दचकले, काही हसले, म्हणाले, इथं तर होतं.

नोंदी त्याला जुळतात. झाडाची फांदी डावीकडे झुकते. बुद्धाचा भूमीला टेकलेला हात खाली डावीकडे येतो. बायांच्या पदरांच्या कडा, फांदीची सावली, पाच मुलांच्या माना, सगळं त्या जागेशी येऊन थांबतं. मुलांमध्ये तुम्ही एक मूल मांडी घालून बसेल एवढं अंतर सोडलं आहे, आणि जमिनीचा रंग तिथे जरा उजळ ठेवला आहे. नजर तिथे जाते, सरासरी अकरा सेकंद राहते.

एका पाच वर्षांच्या मुलीला विचारलं, ते सहावं काय करतंय? ती म्हणाली, त्याचे केस ओले हायत. हे उत्तर मी तक्त्यात घेतलेलं नाही. गावातली गोष्ट तिच्या कानावर गेली असेल.

कार्ड लवकर पाठवा.

विशाखा


११ ऑगस्ट २०२५

बाबा,
जयभीम.

कार्ड आलं नाही. मागच्या पत्रात दोन गोष्टी राहिल्या होत्या.

पहिली. माझा अंदाज होता की त्या जागी तुम्ही सम्यकला काढलं असेल आणि नंतर वरून रंग मारला असेल. चौदा वर्षांपूर्वी आपला सम्यक कालव्यात गेला, त्याच्या पुढच्याच वर्षी तुम्ही ही भिंत हातात घेतली, म्हणजे अंदाज निराधार नव्हता. वरच्या रंगाखालचं टिपणारा इन्फ्रारेड कॅमेरा कंपनीतून दोन दिवसांसाठी आणला. बुद्धाच्या खांद्याची रेघ तुम्ही तीनदा बदललेली दिसते. चित्रातल्या बायांमध्ये आई आहे, तिच्या चेहऱ्याखाली पेन्सिलीचे चौकोन आहेत. रिकाम्या जागेखाली काही नाही. अस्तर, त्यावर पिवडीच्या पिवळ्या रंगाचा एक हात, संपलं. पेन्सिलीचा ठिपकासुद्धा नाही.

तुम्ही त्याला काढलाच नाही. आजूबाजूला बाकी सगळं असं मांडलं की बघणाऱ्यानंच तो बसवावा. मी हे काम पाच वर्षं करते आहे आणि असं कुठे बघितलेलं नाही. हे कौतुक नाही, नोंद आहे. पहिल्या दिवशी मीसुद्धा सहाच मोजली होती. आता माहीत असूनही भिंतीसमोर उभी राहिले की मोजणी तिथेच चुकते.

दुसरी गोष्ट सहाव्या मुलाची, जे खरोखर काढलेलं आहे. उजव्या टोकाला झाडाच्या बुंध्याशी अकरा-बारा वर्षांची मुलगी बसली आहे. तिचा फ्रॉक बुंध्याच्याच विटकरी रंगाचा आहे. बुंध्याची कड तिच्या खांद्यावरून जाते, त्यामुळे ती झाडाचाच भाग वाटते. चित्रातली एकही रेघ तिच्यापर्यंत जात नाही. बाकी पाच मुलं त्या जागेकडे बघतात आणि हिची मान उलटीकडे, खाली वळलेली आहे. हिच्याकडे कुणी बघत नाही. 'कुणी' हा शब्द मी मोजून वापरते. आतापर्यंत एकेचाळीस माणसं उभी केली. एकेचाळीस माणसांची मिळून वीस मिनिटांची नजर आहे आणि त्यात तिच्यावर शून्य.

जो नाही तो सगळ्यांना दिसतो, आणि जी आहे ती कुणाला दिसत नाही. एकाच भिंतीवर हे दोन्ही आपोआप होत नसतं.

विटकरी फ्रॉक मला होता. लासूरच्या बाजारातून तुम्हीच आणला होता. तेव्हा ती मुलगी कोण, हे मी विचारत नाही. जाणूनबुजून केलंत का, एवढंच विचारते.

पंधरा सप्टेंबर लक्षात असू द्या. आई दर रविवारी वंदना झाल्यावर त्या मोकळ्या जागेच्या बाजूला तासभर बसते. मी तिला विचारलं, जागा भरली तर काय बिघडेल, उलट सम्यक दिसेल. ती म्हणाली, "तिथं काय नाय म्हणून तर तो हाय."

विशाखा


१ सप्टेंबर २०२५

बाबा,
जयभीम.

तुमचं कार्ड गुरुवारी मिळालं. तीन ओळी आहेत.

"भिंत गावाची आहे. मुलीचं तोंड मी सगळ्यात शेवटी काढलं. ती तेव्हा कुठं बघत होती, ते मला कुणी सांगितलं नाही."

यात 'नको' नाही आणि 'चालेल'ही नाही. काल कार्ड घेऊन गावी गेले. अप्पाराव काकांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. म्हणाले, पुंडलिक पहिल्यापासून असाच, हो म्हणत नाय, नाय बी म्हणत नाय. भिंत गावाची म्हणतोय ना, मग झालं. खालच्या दोन ओळी कशाबद्दल आहेत हे त्यांनी विचारलं. रंगकामाबद्दल, असं मी सांगितलं.

आता एक दुरुस्ती करते. पहिल्या पत्रात मी लिहिलं की समितीला जागा भरायची आहे. ते खरं आहे, पण ती कल्पना समितीची नव्हती. जुलैच्या मोजणीआधीच, वर्षावासाच्या दुसऱ्या दिवशी, मी काकांना म्हटलं होतं की चित्राचा तोल डावीकडे बिघडलेला आहे, तिथे एखादं मूल बसवलं तर बरं दिसेल. नंतर आकड्यांसकट दोन पानांचा अहवाल दिला. शिकलेली पोरगी सांगतीय म्हणून त्यांनी मानलं. चित्राचा तोल बिघडलेला नाही. मला त्या जागेवरून लोकांची नजर उठवायची होती.

पहिल्याच संध्याकाळी तो मोकळा सतरंजीचा पट्टा दिसला तेव्हा ठरवलं. बारा वर्षं गाव तिथे बघतं आहे. मी त्याच भिंतीवर बसलेली आहे आणि माझी आईसुद्धा त्या बाजूला बघत नाही.

तुम्ही एका शब्दानं 'नको' लिहिलं असतं तर थांबवता आलं असतं. तसं तुम्ही लिहावं असं मला वाटत होतं की लिहू नये, हे मला नक्की सांगता येत नाही.

तिसऱ्या ओळीबद्दल. मी तेव्हाच सांगितलं होतं. मी लिंबाखाली निंबोळ्या वेचत होते आणि सम्यक रस्त्याकडे गेला.

विशाखा


२२ सप्टेंबर २०२५

बाबा,
जयभीम.

जागा भरली.

काम विश्वजीत नावाच्या चित्रकारानं केलं. इथल्याच कला महाविद्यालयात शिकलेला आहे, हात स्वच्छ आहे, तुमच्या पिवडीशी रंग जुळवायला त्यानं दोन दिवस घालवले. नमुन्याला सम्यकचा तो एकच फोटो होता, गंगापूरच्या स्टुडिओतला. त्यात तो कॅमेऱ्याकडे बघत नाही, त्याची नजर बाजूला आहे. विश्वजीतनं ती तशीच ठेवली. सम्यक आता पाच मुलांच्या मधे मांडी घालून बसला आहे आणि चित्राच्या दुसऱ्या टोकाला, उजवीकडे बघतो आहे.

आईनं काल बघितलं. ती भिंतीपर्यंत गेली. मग म्हणाली, "हा सम्यक नाय. फोटो हाय." आणि मागे उंबऱ्याशी जाऊन बसली. वंदनेला आलेल्या दोन बाया तिच्या नेहमीच्या जागेच्या बाजूला, त्या अडीच फुटांत, सहज बसल्या. सकाळी गोजरबाईनं तिथून सरळ झाडू मारला होता. मी बघत होते. तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

वंदनेनंतर परत मोजलं. एकतीस माणसं, तीच रेघ, तेच तीस सेकंद.

मुलं आता सात आहेत. एकतीसपैकी अठ्ठावीस जण म्हणाले, सहा. बोट लावायला सांगितलं. पाच मुलं, आणि सहाव्या वेळी बोट उजव्या टोकाला, बुंध्यापाशी, त्या मुलीवर गेलं. त्यांच्यापैकी सम्यकला कुणी मोजलं नाही. दाखवल्यावर म्हणाले, हां, हा पण हाय की.

कारण सोपं आहे, मला आधीच दिसायला हवं होतं. सगळ्या रेघा अजून त्याच्यापाशीच येतात. पण आता तिथे चेहरा आहे आणि तो दुसरीकडे बघतो आहे. चित्रातला चेहरा जिकडे बघतो तिकडे बघणाऱ्याची नजर जाते. ती त्याच्यावर पाव सेकंदही टिकत नाही, त्याच्या नजरेच्या रेघेवरून घसरत उजव्या टोकाला पोचते आणि मुलीवर थांबते. सरासरी नऊ सेकंद. तुमच्या फांद्या, पदर, बुद्धाचा हात, सगळं आता माझ्यापर्यंत माणसं आणून सोडतं, आणि आणणारा सम्यक आहे.

पाच वर्षांच्या त्या मुलीलाही परत उभं केलं. तिनं डावीकडे बघितलंच नाही. मी विचारलं, ओले केस असलेलं ते मूल कुठे आहे? म्हणाली, "तो उठून गेला." कुठे, असं मी विचारलं नाही.

बाकीचे सगळे एकच विचारतात. ही पोरगी तिकडं काय बघायली?

काल संध्याकाळी वाचनाच्या वेळी मी पुढे बसले होते. चाळीस माणसांच्या माना भिंतीच्या उजव्या टोकाकडे होत्या. मी तिथून हलले आणि आईजवळ उंबऱ्याशी गेले. तरी माझ्या पाठीवर काही आहे असं वाटत राहिलं. हे मोजता येत नाही, म्हणून फक्त सांगते.

विशाखा


६ ऑक्टोबर २०२५

बाबा,
जयभीम.

उद्या वर्षावास संपतो. हे शेवटचं पत्र आहे, आणि यात तुमच्या तिसऱ्या ओळीचं उत्तर आहे.

विजयादशमीला बाहेरगावची माणसं आली होती. सगळ्यांनी अप्पाराव काकांना तेच विचारलं. भगवंतासमोर बसून ती पोरगी तोंड फिरवून काय बघते? काकांना ते लागलं. काल रविवारी त्यांनी विश्वजीतला परत बोलावलं, मुलीची मान वळवायला. मलाही निरोप होता. मी पोचले तेव्हा त्यानं बुंध्यापाशी शिडी लावली होती आणि रंग कालवत होता. काकांनी विषय थोडक्यात सांगितला. एक मान तर वळवायची, अर्ध्या तासाचं काम. विश्वजीतनं मला विचारलं, "कुणीकडं वळवू, मॅडम? भगवंताकडं की भावाकडं?"

मी म्हटलं, वळवू नका.

काका म्हणाले, "का गं? जागा भरायला तूच सांगितलंस. आता तूच नको म्हणतीस."

आई उंबऱ्याशी बसली होती. मी कारण सांगायला तोंड उघडलं आणि जे चौदा वर्षं सांगत आले तेच निघेना.

मी निंबोळ्या वेचत नव्हते. कालव्याच्या काठावर बसले होते, सम्यकपासून चार हातांवर. पाचवीत पहिली आले म्हणून तुम्ही मला घड्याळ घेतलं होतं, सेकंदकाट्याचं. दोन दिवस झाले होते. सम्यक म्हणाला, मी बुडी मारतो, तू मोज. कालव्याला पाणी सोडलेलं आहे हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. मी मोजायला लागले, आणि मोजायचं म्हणून पाण्याकडे बघितलं नाही. मनगटाकडे बघत होते. चाळीसला वाटलं, भारी. साठला वाटलं, लबाड, पुढे कुठेतरी वर आला असेल आणि गंमत बघत असेल. तरी मी मान वर केली नाही, कारण एक सेकंद जरी चुकला असता तर तो भांडला असता. एकशे दहाला वर बघितलं. पाणी वाहत होतं.

तुम्ही ते तोंड बरोबर काढलं आहे. ती कुठं बघत होती हे माहीत नसताना बरोबर काढलंत.

मग मी घरी आले आणि सांगितलं, तो रस्त्याकडे गेला. तुम्ही, काका, निम्मं गाव, दोन तास रस्त्यानं शोधत होतात. लवकर शोधून उपयोग झाला असता का, हे मी नंतर पुष्कळ वाचलं. एकशे दहा सेकंदांनंतर कदाचित झाला असता. दोन तासांनंतर नाही.

हे सगळं मी विहारात उभी राहून सांगितलं, याच क्रमानं. काका शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. विश्वजीतनं ब्रश पाण्याच्या डब्यात ठेवला. ऑइल पेंटचा ब्रश पाण्यात ठेवत नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

आईनं विचारलं, "किती मोजलंस?"

"एकशे दहा."

"मोज."

मी तिच्याकडे बघितलं. ती सतरंजीवर सरकत पुढे आली, भिंतीसमोर मांडी घातली आणि माझ्या हाताला धरून मला खाली बसवलं. "तवा मोजलंस तसं मोज," म्हणाली. "मला ऐकू दे."

माझ्याकडे घड्याळ नव्हतं. चौदा वर्षांत मी मनगटावर घातलेलं नाही. अंदाजानं मोजलं, मोठ्यानं. तीसपर्यंत आवाज नीट होता. साठला काका उठून बाहेर गेले. आई भिंतीकडे बघत होती. सम्यककडे की मुलीकडे, ते मला सांगता येणार नाही. चष्मा लावलेला नव्हता, आणि मी मोजत होते.

बाबा, एकशे दहा हा फार मोठा आकडा आहे. कागदावर तो तसा दिसत नाही.

एकशे दहाला मी थांबले. आई म्हणाली, "थांबू नको."

पुढचे आकडे मी त्या दिवशी मोजले नव्हते. एकशे अकरा, एकशे बारा. विहारात फक्त माझा आवाज होता. आईनं डोळे मिटले होते आणि तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. दोनशे चौदाला तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

विशाखा